झिपमध्ये काय नसावं

चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना आम्ही एक सॉफ्टवेअर देतो. यंत्रांवरच्या सेन्सरकडून येणारी आकडेवारी ब्राउझरच्या पडद्यावर दिसते: कुठला प्रेस बंद पडलाय, कुठल्या भट्टीचं तापमान चढतंय, पाळीत किती नग निघाले. मूळ ॲप्लिकेशन सगळ्यांना एकच. पण पडद्यावर काय दिसावं याबाबत दोन प्लांटचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. एकाला नगांची मोजणी पाळीनुसार हवी असते, दुसऱ्याला डायनुसार. तिसऱ्याच्या क्वालिटी मॅनेजरला त्याच्या जुन्या एक्सेलसारखाच तक्ता हवा असतो, रंगांसकट. सुरुवातीला हे सगळं मूळ कोडमध्येच घातलं जायचं. ग्राहकागणिक गिटची वेगळी ब्रँच, आणि एका ब्रँचमधली दुरुस्ती बाकीच्यांमध्ये न्यायची म्हटलं की अख्खा शुक्रवार त्यातच.

म्हणून प्लगइन. ग्राहकाचं खास विजेट वेगळं बांधायचं, त्याची झिप सर्व्हरवरच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये उघडून ठेवायची, पान रिफ्रेश केलं की ते मेनूत दिसायला हवं. मूळ ॲप्लिकेशनला हात लावायचा नाही. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा २०१९ साल चालू होतं. झिप बनवायची म्हणजे ती कशी भरायची हे ठरवायचं, असं मी धरून चालले होते. पुढची काही वर्षं माझा बहुतेक वेळ झिपमध्ये काय असू नये, या वादात गेला.

कामाला आकार दिला तो एका प्लांटच्या आयटी विभागाने. पहिल्याच भेटीत त्यांच्या माणसाने सांगून टाकलं, "मॅडम, आत इंटरनेट नाही. पेनड्राइव्ह गेटवर जमा करायचा. आम्ही स्कॅन करू, मग फाइल आत जाईल." म्हणजे तिथे जाऊन एनपीएमवरून पॅकेजं उतरवणं नाही, सर्व्हरवर नोड टाकून बिल्ड चालवणंही नाही. जे काही जोडायचं ते पुण्यात जोडून न्यायचं आणि तिथे फक्त ठेवायचं. एका अर्थी बरं झालं. पुढच्या अनेक बैठकांत "हे तिथेच बिल्ड करून घेऊ" असं कुणी म्हणालं की मला एवढंच विचारावं लागायचं, की गेटवरून नोड कोण नेणार?

ब्राउझरला एखादी फाइल आणून चालवायला लावणं ही यातली सोपी गोष्ट. स्क्रिप्टचा टॅग पानात घातला की झालं. चालत्या कोडमधून इम्पोर्ट करण्याची सोयही क्रोममध्ये २०१७ पासून आहे. अवघड गोष्ट त्या फाइलच्या पहिल्या ओळीत असते. आमचं प्रत्येक विजेट सुरू होतं ते 'रिॲक्ट आणा' अशा अर्थाच्या ओळीने. आणा, पण कुठून? ब्राउझरला रिॲक्ट या नावाचं काही ठाऊक नसतं, त्याला पूर्ण पत्ता लागतो. एरवी हा प्रश्न कुणालाच पडत नाही, कारण वेबपॅकसारखा बंडलर बांधणीच्या वेळीच ती लायब्ररी शोधून आत भरून टाकतो आणि आपण विसरून जातो. पण प्लगइन एकीकडे बांधला जातो, होस्ट म्हणजे मूळ ॲप्लिकेशन दुसरीकडे, आणि दोघांची पहिली भेट थेट ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये होते. नावाला पत्ता जोडून देणारे इम्पोर्ट मॅप क्रोममध्ये आले २०२१ साली, सफारीत २०२३ साली. शिवाय कंट्रोल रूममधल्या संगणकांवरचं क्रोम आयटी विभागाने गोठवून ठेवलेलं. नवं काही येईल याची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

उरला जुना मार्ग. होस्टने स्वतःची रिॲक्ट पानाच्या विंडो ऑब्जेक्टवर टांगून ठेवायची, आणि प्लगइनच्या बिल्डला बजावायचं की ही आत भरू नकोस, बाहेर टांगलेली आहे ती घे. वेबपॅकमध्ये या यादीला एक्स्टर्नल्स म्हणतात. पद्धत जुनाट वाटते, पण २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या वर्डप्रेस ५.० च्या ब्लॉक एडिटरनेही हाच रस्ता धरला होता: तिथेही प्लगइन रिॲक्ट सोबत आणत नाही, वर्डप्रेसने पानावर ठेवलेली वापरतो. पाहुण्याने अंथरूण-पांघरूण घेऊन यायचं की यजमानाचं वापरायचं, एवढाच हा प्रश्न.

रिॲक्टच्या बाबतीत मात्र पाहुण्याला निवडीची मुभाच नाही, हे आम्हाला उशिरा आणि चमत्कारिक रीतीने कळलं. फील्ड टीमने लिहिलेल्या एका प्लगइनमध्ये रिॲक्टची दुसरी कॉपी आत भरली गेली होती, आणि तो प्लगइन छान चालत होता. कितीतरी महिने. कुणालाच पत्ता नाही. मग त्यात एक नवा फिल्टर घालताना कुणीतरी हुक वापरला आणि पडदा कोसळला. कन्सोलमध्ये 'इनव्हॅलिड हुक कॉल'. त्या मुलाचं म्हणणं, "मी तर फक्त एक युजस्टेट लिहिला." आणि ते खरंच होतं.

जुने क्लास कंपोनंट रिॲक्टच्या दोन कॉपींमध्येही निभावून जायचे. रिॲक्टचा एलिमेंट म्हणजे शेवटी एक साधा ऑब्जेक्ट. तो कुठल्या कॉपीने बनवला याची चित्र काढणाऱ्या रिॲक्ट-डॉमला फिकीर नसते. २०१९ च्या फेब्रुवारीत १६.८ मध्ये हुक आले आणि हे बदललं. हुक स्वतः काही करत नाही. सध्या कुठला कंपोनंट रेंडर होतोय, हे तो रिॲक्टच्या आतल्या एका जागी बघतो, आणि ती जागा रिॲक्ट-डॉम भरून ठेवतं, अर्थातच स्वतःच्या ओळखीच्या कॉपीत. प्लगइनमधला हुक दुसऱ्या कॉपीत बघतो. तिथली जागा रिकामी.

पण निदान इथे आरडाओरडा तरी होतो. मला जास्त त्रास दिला तो न ओरडणाऱ्या चुकांनी. आमची स्वतःची कंपोनंटची लायब्ररी आहे: बटणं, तक्ते, आलेख. कंट्रोल रूममध्ये गडद थीम लागते, आणि ती रिॲक्टच्या कॉन्टेक्स्टमधून सगळीकडे पोचते. एका प्लगइनने ही लायब्ररी आत भरून आणली. एरर नाही, इशारा नाही. फक्त काळ्या पडद्यावर एक पांढराफटक चौकोन. कारण आत भरलेल्या कॉपीने स्वतःचा वेगळा कॉन्टेक्स्ट बनवला होता. होस्टने भरलेली थीम भलत्याच कॉन्टेक्स्टमध्ये होती, आणि याच्या वाट्याला डिफॉल्ट आला. ग्राहकाकडून तक्रार आली ती "रंग चुकलाय" अशी. तिकीट डिझाइनच्या टीमकडे गेलं. त्यांनी रंग तपासले, रंग बरोबर होते, तिकीट बंद केलं. ते पुन्हा उघडून माझ्यापर्यंत यायला बराच काळ गेला, आणि माझ्याकडे आल्यावरही बंडल उघडून आत काय काय भरलंय याचा नकाशा काढल्यावरच उलगडा झाला. तेव्हापासून प्लगइनच्या बिल्डच्या शेवटी एक तपासणी आहे: मनाई असलेली लायब्ररी बंडलमध्ये सापडली की बिल्ड लाल. लोक चिडतात. चिडू देत.

पत्त्यांचा गोंधळ याहून सोपा, पण प्रत्येक नव्या माणसाला एकदा तरी भेटणारा. मोठा प्लगइन तुकड्यांमध्ये येतो. आलेख उघडला की आलेखाचा चंक मागवला जातो. चंक कुठून मागवायचा हे बिल्डच्या वेळी ठरलेलं असतं, आणि बिल्डला बिचाऱ्याला काय माहीत की एका ग्राहकाने आमचं ॲप्लिकेशन रिव्हर्स प्रॉक्सीमागे कुठल्याशा उपमार्गावर बसवलंय. चंक मुळाशी मागितला जातो. तिथे तो नसतो. पण आमचा सर्व्हर, बहुतेक एकपानी ॲप्लिकेशनांच्या सर्व्हरसारखाच, न सापडलेल्या पत्त्यावर मुख्य पान पाठवतो, वर २०० चा शेरा मारून. ब्राउझर एचटीएमएलला जावास्क्रिप्ट समजून वाचायला घेतो आणि पहिल्याच अक्षरावर अडतो: 'अनएक्सपेक्टेड टोकन <'. हा संदेश गूगलमध्ये टाकला की व्याकरणाच्या चुका शोधायचे सल्ले मिळतात. आमच्याकडे आता नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच सांगतात: हे चिन्ह दिसलं की कोड वाचू नकोस, नेटवर्कचा टॅब उघड. वेबपॅक ५ मध्ये, ज्या स्क्रिप्टमधून आपण आलो तिच्या पत्त्यावरून बाकीचे पत्ते ओळखण्याची सोय आहे. त्याआधी ते आम्ही हाताने करायचो.

आणि एक प्रकार असा, की ज्यावर मी दोन रविवार बिनपगारी घालवले. दोन प्लगइन वेगवेगळ्या पानांवर ठणठणीत. एकाच डॅशबोर्डवर आले की कधी एक मोडायचा, कधी दुसरा, कधी दोन्ही चालायचे. कुठला आधी लोड झाला त्यावर अवलंबून. वेबपॅक ४ चे चंक आल्यावर आपली हजेरी विंडोवरच्या एका ठरलेल्या नावाच्या यादीत लावतात, आणि ते नाव बदललं नाही तर सगळ्यांचं एकच असतं. शिवाय प्रॉडक्शन बिल्डमध्ये मॉड्यूलना नावं नसतात, नुसते क्रमांक. एकाच्या चंकमधलं १२ क्रमांकाचं मॉड्यूल दुसऱ्याच्या १२ च्या जागी जाऊन बसलं. तापमानाच्या प्लगइनने तारखेचं फंक्शन बोलावलं आणि त्याच्या हाती भलताच कोड आला. यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक प्लगइनच्या यादीला वेगळं नाव देणं, कॉन्फिगमधली एक ओळ. वेबपॅक ५ हे नाव पॅकेजच्या नावावरून आपोआप बनवतो, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. पण आमचे सगळे प्लगइन एकाच टेम्प्लेटवरून निघतात आणि टेम्प्लेटमधलं पॅकेजचं नाव बदलायचा कंटाळा माणसं करतात. तेव्हा 'माय-प्लगइन' नावाच्या पॅकेजचा बिल्ड आता होतच नाही.

खरा वाद मात्र यादीवर झाला. होस्टने प्लगइनना काय काय पुरवायचं? फील्ड टीमला वाटायचं, सगळंच. रिॲक्ट, तारखांसाठी मोमेंट, लोडॅश, आलेखांची लायब्ररी, विनंत्या पाठवायची लायब्ररी. त्यात तथ्य होतं. मोमेंट सगळ्या भाषांच्या फाइलींसकट भरली तर नुसती तीच दोन-अडीचशे किलोबाइटच्या पुढे जाते, आणि पाच प्लगइनांनी ती पाच वेळा आणायची म्हणजे कंट्रोल रूममधल्या जुन्या संगणकावर पान उघडेपर्यंत चहा होतो. आमचे आर्किटेक्ट, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, त्यांचा याला विरोध होता.

मी त्यांना म्हटलं, "सर, यादी जितकी लांब तितका प्लगइन हलका होईल."

"प्लगइन हलका होईल गं," ते म्हणाले, "पण एकदा दिलेलं परत कसं घेणार?"

तडजोड झाली. रिॲक्ट, रिॲक्ट-डॉम आणि आमची कंपोनंट लायब्ररी यादीत, कारण त्यांची दुसरी कॉपी पानावर चालतच नाही. लोडॅश बाहेर, ज्याला हवं त्याने हवी तेवढी फंक्शनं सोबत आणावीत. मोमेंट यादीत, कारण पाळ्या आणि तारखा प्रत्येकालाच लागतात.

२०२० च्या सप्टेंबरात मोमेंटच्या सांभाळकर्त्यांनी स्वतःच जाहीर केलं की हा प्रकल्प आता फक्त देखभालीवर राहील, नव्या कामासाठी दुसरं काही निवडा. होस्टच्या आमच्या कोडमधून आम्ही ती सावकाश काढून टाकली. आज तिथे मोमेंट वापरणारी एकही ओळ नाही. तरी पान उघडलं की ती लोड होते, कारण प्लांटांमध्ये पोचलेले प्लगइन ती तिथे असेल या भरवशावर बांधलेले आहेत. लायब्ररी सोबत न आणण्याने जागा वाचते, आणि त्या जागेची किंमत होस्ट भरत राहतो, अगदी वर्षानुवर्षं. सरांनी नंतर कधी हा विषय काढला नाही, पण यादीत नवं नाव सुचवणाऱ्या प्रत्येकाला ते आता माझ्याकडे पाठवतात.

याच सुमारास दुसऱ्यांनी हे कसं सोडवलं ते मी वाचत बसले होते. ग्राफानाच्या प्लगइनचा सांगाडा मला आवडला: एक माहितीची फाइल, एक मुख्य मॉड्यूल, आणि लोड करायला सिस्टमजेएस. माहितीची फाइल आधी वाचायची, होस्टची कुठली आवृत्ती चालेल ते त्यात बघायचं, आणि पटलं नाही तर कोडला हातच लावायचा नाही. आम्ही ते जवळजवळ तसंच उचललं. ज्युपिटरलॅबची गोष्ट तर आमच्याच दुखण्याची. तिथे एक्स्टेन्शन घालायचं तर आधी वापरणाऱ्याच्या यंत्रावर नोड लागायचा आणि सगळं ॲप्लिकेशन पुन्हा बांधलं जायचं. आलेख बघायला बसलेल्या शास्त्रज्ञाने वेबपॅकच्या एरर वाचायच्या! तिसऱ्या आवृत्तीपासून एक्स्टेन्शन आधीच बांधून, पायथनच्या पॅकेजमधून देता येऊ लागलं, आणि हे जमलं ते मॉड्यूल फेडरेशनमुळे.

मॉड्यूल फेडरेशन २०२० च्या ऑक्टोबरात वेबपॅक ५ बरोबर आलं. त्यात प्रत्येक बिल्ड, होस्ट असो की प्लगइन, 'माझ्याकडे अमुक लायब्ररीची तमुक आवृत्ती आहे' हे एका सामायिक नोंदवहीत लिहितो आणि मग तिथून घेतो. विंडोवर टांगाटांग नाही. आवृत्तीची अट घालता येते, एकच कॉपी हवी असं बजावता येतं. हे सगळं वाचून आमच्या टीममध्ये उत्साहाची लाट आली: आता यादीचा वाद संपला, ज्याची आवृत्ती जुळेल त्याने वाटून घ्यावी, नाही जुळली तर स्वतःची वापरावी.

मला ही मोकळीक नको होती. जुळली नाही तर स्वतःची, म्हणजे प्रत्येक प्लगइन सगळ्याच्या कॉपी पोटात बाळगून येणार, वापरो न वापरो. वापरल्या जात नाहीत तोवर त्या ब्राउझरमध्ये उतरत नाहीत हे खरं, पण झिपमध्ये त्या असतात, गेटवर स्कॅन होतात, आणि कुठल्या दिवशी कुठली चालेल हे पान उघडल्याशिवाय सांगता येत नाही. ज्या प्लांटमध्ये मला स्वतः जाऊन कन्सोल बघावा लागतो तिथे असले ऐनवेळचे निर्णय परवडत नाहीत. म्हणून प्लगइनच्या कॉन्फिगमध्ये सामायिक लायब्ऱ्यांपुढे आम्ही 'स्वतःची प्रत आणू नये' हा पर्याय लावला. होस्टकडे नसेल तर प्लगइन उघडणार नाही, आणि तसं स्पष्ट सांगेल. फेडरेशनची अर्धी कमाल आम्ही त्यामुळे वापरतच नाही, असं एका नव्या सहकाऱ्याने मला ऐकवलं. बरोबर आहे त्याचं.

दोन गोष्टी मात्र कागदावर कुणालाच सुचल्या नव्हत्या. एक भिंतीवरच्या मोठ्या पडद्याची. शॉप फ्लोअरवर जो डॅशबोर्ड लावलेला असतो तो टॅब कुणी बंद करत नाही. वीज गेली तरच. आम्ही प्लगइनची नवी आवृत्ती ठेवायचो, जुन्या फाइली पुसायचो. मग कुणीतरी त्या भिंतीवरच्या पडद्यावर आलेख उघडायचा आणि काही आठवड्यांपूर्वीचं पान काही आठवड्यांपूर्वीच्या नावाचा चंक मागायचं. तो गेलेला. आता प्रत्येक आवृत्तीचं फोल्डर वेगळं असतं आणि जुनं पुढच्या शटडाउनपर्यंत पुसत नाहीत. चंकच्या नावात हॅश असतो म्हणून ते ब्राउझरने वर्षभर कॅशमध्ये ठेवले तरी चालतं. माहितीची फाइल मात्र दर वेळी सर्व्हरला विचारूनच वापरायची.

दुसरी गोष्ट डेव्हलपमेंट बिल्डची. घाईत कुणीतरी डेव्हलपमेंट मोडमधली झिप दिली. आमच्याकडे चालली, प्लांटमध्ये नाही. वेबपॅकचा तो मोड मॉड्यूल इव्हॅलमधून चालवतो, आणि ग्राहकाच्या सुरक्षा विभागाने कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीत इव्हॅलला बंदी घातलेली. आम्ही खुलासा पाठवला तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्याने उलट विचारलं की तुमचा प्लगइन आमच्या पानात काय काय करू शकतो. प्रामाणिक उत्तर होतं: सगळं. एकाच पानात चालणाऱ्या कोडला लॉगिनपासून सगळ्याला हात घालता येतो. ते टाळायचं तर आयफ्रेम हवी आणि मधे निरोपांची देवाणघेवाण हवी, मग थीमही गेली, वाटून घेतलेली रिॲक्टही गेली, आणि दर प्लगइनला सगळं सामान नव्याने. आम्ही ते केलं नाही. आमच्याकडून सही झालेलीच झिप होस्ट उघडतो, आणि फाइलींचे हॅश माहितीच्या फाइलीत असतात. एवढ्यावर त्या अधिकाऱ्यांनी मान्यता दिली. आमच्याबाहेरचं कुणी प्लगइन लिहू लागलं तर हे पुरणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

सध्या होस्ट रिॲक्ट १९ वर न्यायचं काम चालू आहे. या आवृत्तीपासून रिॲक्टने यूएमडी बिल्ड देणं बंद केलं. म्हणजे स्क्रिप्टचा टॅग घालून विंडोवर आयती टांगलेली रिॲक्ट आता मिळत नाही. फेडरेशनवर आलेल्या प्लगइनांना त्याचं काही नाही. पण एका प्लांटमध्ये अगदी पहिल्या खेपेचा एक प्लगइन अजून चालू आहे, डायच्या आयुष्याचा हिशेब ठेवणारा. लिहिणारा मुलगा केव्हाच दुसरीकडे गेला, आणि प्लांटचे लोक त्या तक्त्याशिवाय सकाळची बैठक घेत नाहीत. त्याच्यासाठी होस्टमध्ये रिॲक्ट विंडोवर चढवणारी एक ओळ आम्ही हाताने लिहिली आहे, आणि तिच्यावर टिप्पणी आहे की काढायच्या आधी प्लांटला फोन करावा. तो प्लगइन नव्याने बांधून द्यायचं ठरलंय. त्यांचा शटडाउन दिवाळीत असतो.